झिजायचं ते कथलानं झिजावं

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते माझ्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते सायकलीसकट. काळी, दांडीची, मागं कॅरिअर असलेली सायकल. शाळेत रुजू झाले त्या वर्षी घेतलेली, आणि निवृत्तीच्या दिवशी तिच्यावरूनच घरी गेले. मधल्या काळात तिचे टायर कितीदा बदलले, चेन किती वेळा नवी आली, ब्रेकचे रबर किती गेले, याचा हिशोब त्यांनाही सांगता आला नसता. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते अंगणात गोणपाट टाकून सायकल पूर्ण उघडायचे. छर्रे रॉकेलच्या वाटीत. आम्ही पोरं भोवती बसलेली, आणि एखादा छर्रा हरवला तर सगळ्यांनी मिळून शोधायचा.

आज ‘घरात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तू’ या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा मला आधी ती सायकल आठवली. आणि दुसरी वस्तू मी सोबतच आणली आहे. हे टेबलावरचं पातेलं. पितळेचं आहे. आजीच्या लग्नात तिच्या माहेरून आलेलं. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं दिसतात: आजीचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि सन १९३८. पुढच्या रांगेतल्या मंडळींना बुडाशी दोन पोचे दिसत असतील, आणि कानाजवळ एक डाग दिलेला. आजही आमच्याकडे सणाची खीर याच्यात होते.

लोक मला विचारतात, पूर्वीच्या वस्तू टिकायच्या, आताच्या का टिकत नाहीत? उत्तर बहुधा तयारच असतं. पूर्वीचा माल अस्सल होता, आता सगळं बनावट. मला हे उत्तर पटत नाही. पितळ आजही मिळतं, साग आजही मिळतो, बीड तर आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत रोज वितळतं. माल संपलेला नाही. दुसरंच काहीतरी हरवलंय, आणि ते मला या पातेल्याच्या आत सापडलं.

आत पाहा. पांढरी चकाकी आहे ती पितळेची नाही, कल्हईची आहे. कल्हई करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णन करायला नको, पण सभागृहात तरुण मंडळी आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता बसवायचा. भांडं आधी घासून लख्ख करायचं, मग कोळशावर तापवायचं. ते इतकं तापायचं की सांडशीशिवाय हात लावणं शक्य नाही. मग नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्यानं आत फिरवायची. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठायचा आणि पितळ आतून स्वच्छ व्हायचं. त्या क्षणी कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे धातूंच्या मानानं फारच लवकर. थेंब सुटला की त्याच कापसानं एका दमात गोल फिरवायचा. डोळ्यांदेखत तांबूस-पिवळं भांडं चांदीसारखं व्हायचं. मग पाण्यात बुडवलं की छर्र आवाज. हे सगळं जेमतेम दोन-तीन मिनिटांत, पण हात चुकला तर कथलाच्या गुठळ्या राहायच्या आणि आजी भांडं परत द्यायची.

कल्हईचा थर अगदी पातळ असतो. आंबट आमटी, ताक, राखेनं घासणं, पळीचं खरवडणं, सगळं तो सोसतो आणि झिजत जातो. सहा महिन्यांत कुठंतरी पितळ डोकवायला लागतं, आणि त्यात ताक ठेवलं की ते कळकतं. मग पुन्हा कल्हई. या पातेल्याला आजवर शंभराच्या वर वेळा कल्हई झाली असेल. कथील प्रत्येक वेळी झिजून गेलं, पितळ आहे तिथंच आहे.

मला सापडलेली गोष्ट हीच. जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तिच्यात झिजणारा भाग वेगळा काढलेला असतो. तो स्वस्त असतो, मिळतो, आणि तो बदलून देणारा माणूस हाकेच्या अंतरावर राहत असतो. गुरुजींच्या सायकलीत टायर, चेन आणि छर्रे झिजले, सांगाडा राहिला. टिकाऊ वस्तू कशी ओळखावी, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, हिच्यातलं काय झिजणार आहे, आणि ते कोण बदलणार आहे, एवढंच बघा.

आपला हा भाग तर याच विद्येवर वाढला. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. त्यांचा उद्योग सुरू झाला १८८८ साली, बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानात. सायकल विकायची आणि दुरुस्तही करायची. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू कुठं मोडते हे कळतं, आणि ते कळलं की ती कशी बनवावी हेही उमगायला लागतं. पुढं त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकऱ्यांची समजूत अशी, की लोखंडानं जमिनीत विष भिनतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं त्या उद्योगाच्या इतिहासात सांगतात. मला त्या शेतकऱ्यांची चूक वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. हा लोखंडी नांगर मोडला तर कुणाकडं जायचं? तो नांगर रुजला तो लोखंडाच्या बळावर जेवढा, तेवढाच फाळ सुटा होता म्हणून. जमिनीशी घासून फाळ झिजणारच. तो बोल्ट काढून बदलायचा, बाकी नांगर तसाच. पुढं बेळगावच्या नगरपालिकेला शहरवाढीसाठी त्यांची जागा हवी झाली, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण लोखंड ओतायची विद्या बेळगावात राहिली आणि वाढली. आजही इथल्या फौंड्र्यांतून देशभरच्या गाड्यांचे आणि पंपांचे सुटे भाग जातात. सुटे भाग हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

बिडाचा तवाही याच नियमात बसतो. बिडाच्या तव्याला कल्हई नसते, पण तेलाचा थर असतो. नवा तवा आणला की तेल चोपडून तापवायचा, पुन्हा चोपडायचा, पुन्हा तापवायचा, असं आठवडाभर केलं की काळा तुकतुकीत थर बसतो आणि मग डोसा सुटून येतो. साबणानं खरखरून घासला की थर झिजतो, पुन्हा तेल लावायचं. तव्याचं मर्म एवढंच. एक मात्र लक्षात ठेवा, बीड ठिसूळ असतं. हातातून फरशीवर पडला की दोन तुकडे, आणि घरगुती दुरुस्ती नाही. त्यामुळं उंच फळीवर ठेवू नका.

आमच्या खानापूरच्या बाजूला पाऊस किती, हे आपल्याला माहीत आहे. त्या पावसात कौलारू छप्परं शंभर-शंभर वर्षं उभी आहेत. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा पहिला कारखाना काढला आणि ती पद्धत किनाऱ्यावरून घाटावर आली. खानापूरच्या मातीतही चांगली कौलं आणि भांडी होतात. मृग लागायच्या आधी छप्परावर चढून कौलं चाळायची, फुटलेली काढायची, त्या जागी नवी सरकवायची. एका कौलासाठी सगळं छप्पर उतरावं लागत नाही. पत्रा गंजला तर मात्र पत्राच उतरतो.

आणि आपल्या पायातलं सांगतो. कोल्हापुरी म्हणून जगभर ओळखली जाणारी चप्पल अथणीत, आपल्या निपाणीत आणि आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या बनते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राज्यांची रेघ कुठून गेली याचं दुःख आपल्याला आहे, आणि ते खोटं नाही. पण ही चप्पल बनवणाऱ्या हाताला ती रेघ कधी लागली नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरवायचं, तळ चामड्याच्याच वादीनं शिवायचा, खिळा लावायचा नाही. तळ झिजला की शिवण उसवून नवा तळ, अंगठा तुटला की नवा अंगठा. घरोघरच्या वस्तूंची नावंही अशीच रेघ ओलांडून नांदतात. कन्नडमध्ये सुपारीला अडके म्हणतात, त्यातून आपला अडकित्ता आला. आपली विळी तीच त्यांची ईळिगे. शब्द वस्तूबरोबर फिरले, आणि वस्तू त्यांना धार लावणाऱ्या माणसांबरोबर.

इथं मला एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. आपण या वस्तू जपल्या, त्यांना जगवणारी माणसं जपली नाहीत. जात्याला टाकी लावणारा वडार गावाबाहेर, चप्पल शिवणारा गावाबाहेर, कल्हईवाला तर अंगणाच्या कडेला. त्याच्या हातचं भांडं देवघरात चालत होतं आणि त्याला पाणी वरून ओतलं जात होतं. १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच निपाणीत परिषदेसाठी आले होते. त्या काळी ज्यांच्या कसबावर आपली घरं चालत होती, त्यांच्या माणूसपणासाठी परिषदा भरवाव्या लागत होत्या. मग त्यांच्या मुलांनी तो भाता टाकून दिला, तर त्यांना दोष देण्याचा आपल्याला काय अधिकार? कारागीर संपले असं आपण हळहळून म्हणतो. ते संपले नाहीत, त्यांनी अपमान नाकारला. दुरुस्तीला पुन्हा मान द्यायचा असेल तर आधी तिचा मोबदला सन्मानानं द्यावा लागेल. साडेचार हजारांचा मिक्सर घेताना घासाघीस न करणारे आपण, दीडशे रुपयांच्या दुरुस्तीवर घासाघीस करतो.

आणि बायकांचं काय? तांब्या-पितळेच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या पुरुषांना मला विचारायचं आहे, की तांब्याचा बंब चिंच आणि राखेनं तुम्ही किती वेळा घासला होता? माझ्या आईच्या मनगटांना ते माहीत होतं. स्टील घरात आलं तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं. दारावर बोहारीण यायची, जुने कपडे घेऊन स्टीलची वाटी-डबा द्यायची, आणि आई जरीचा काठ फाडून बाजूला ठेवून उरलेलं लुगडं द्यायची. तो सौदा तिच्या फायद्याचा होता. टिकाऊपणाच्या नावाखाली कुणाच्या पाठीवर ओझं चढत असेल, तर त्या टिकाऊपणाचा मला मोह नाही.

स्टील माझ्या नियमात बसत नाही, हे मी कबूल करतो. त्यात झिजणारा थर नाही, कल्हई नाही, तरी ते टिकतं. म्हणून स्टील निवडताना नियम वेगळा. बाजारात मुख्यतः ३०४ आणि २०२ अशा दोन जाती दिसतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, त्यामुळं ते स्वस्त, पण मीठ-आंबटापुढं कमजोर. लोहचुंबक लावून पाहा, चिकटलं नाही तर चांगलं स्टील, असं दुकानात सांगतात. हे अर्धंच खरं आहे. ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही, आणि २०२ लाही चिकटत नाही. म्हणून भांड्यावरचा छाप आणि बिलावर लिहिलेली जात, दोन्ही मागा. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला आहे, तेवढं चिन्ह तरी पाहाच. आणि दांडा कसा जोडलाय ते बघा. भांडं सहसा जोडावरच मोडतं.

पितळ-तांब्याची आणखी एक खुबी होती, ती स्टीलला साधली नाही. ती भांडी वजनावर मिळायची, आणि मोडीतही वजनावर जायची. घडणावळ बुडायची, धातूचं मोल राहायचं. तंबाखूचा भाव पडला की या भागातल्या कितीतरी घरांतली हंडा-घागर गहाण पडायची, आणि पुढच्या हंगामात सुटून यायची. आजीचं हे पातेलंही एकदा जाऊन आलेलं आहे. घरातली टिकाऊ वस्तू म्हणजे गरिबाची ठेव होती. आजच्या मिक्सरची चार वर्षांनी काय किंमत येते?

मिक्सरचं सांगतो, कारण ते माझ्यावर गुजरलं आहे. एका कंपनीचा मिक्सर घेतला, कंपनीचं नाव घेत नाही. चौथ्या वर्षी बंद पडला. मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे दोन छोटे ब्रश असतात, ते घासून घासून संपतात. ते झिजण्यासाठीच असतात, कथलासारखे. नवे टाकले की मोटार चालते. पण त्या मिक्सरचं बूड असं चिकटवून बंद केलेलं होतं, की उघडायचं तर फोडावंच लागेल. सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, “काका, हे उघडत नाही. नवा घ्या, जुन्याचे तीनशे धरतो.” तीनशे रुपये! झिजणारा भाग वेगळा काढून ठेवायची विद्या कंपनीला माहीत होतीच. तिनं तो भाग आत कोंडून वर गोंद लावला.

हे नवं नाही. १९२४ च्या अखेरीस जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या मोठमोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचा करार केला आणि ठरवलं, की दिवा हजार तासांच्या वर जळता कामा नये. त्याआधीचे दिवे दीड-दोन हजार तास जळत होते. ज्याचा दिवा जास्त जळेल त्या कंपनीला दंड. जास्त टिकल्याबद्दल दंड, हे ऐकून माझी आजी देवापुढं हात जोडून उभी राहिली असती.

आता वारं थोडं फिरतंय. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, धुलाई यंत्र अशा काही वस्तूंवर, त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं संकेतस्थळही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. पण फ्रिजवर ताऱ्यांची पट्टी असते, ती वीज किती खाणार ते सांगते. फ्रिज किती वर्षं चालेल आणि त्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे सांगणारी पट्टी आपल्या दुकानात अजून लागलेली नाही. ती लागेपर्यंत विचारणं आपल्याच हातात आहे.

दुकानात उभं राहून वस्तू उलटी करून बघा. बुडाशी स्क्रू दिसतात की नुसतं प्लास्टिक? कुकर घेताना शिट्टी, गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गावातल्या दुकानात सुटे मिळतात का, हे आधी पाहा आणि मगच कुकर निवडा. पंख्याची मोटार भरून देणारा कुठं बसतो ते ठाऊक असू द्या. खुर्चीची वेताची बैठक पुन्हा विणून देणारा आहे का, तेही. सागाचं कपाट घ्या किंवा लोखंडाचं, बिजागरी आणि कुलूप कोणत्या मापाचं आहे ते विचारा. मापाबाहेरची बिजागरी घेतली, तर कपाट चांगलं असूनही दार एक दिवस काढूनच ठेवावं लागतं. महाग वस्तू टिकतेच असं नाही. दुरुस्त होणारी वस्तू मात्र बहुधा टिकते, आणि ती पुष्कळदा मधल्या किमतीची असते.

हे सगळं बोलताना एक अडचण मला सतत टोचते. दुरुस्त होणारी वस्तू आपण घेऊ, पण दुरुस्त करणारा कुठं सापडायचा? बेळगावात शहापूरला एक जण जुन्या पद्धतीची कल्हई अजून करतो, हे मला तीन महिने विचारत फिरल्यावर कळलं. त्याच्याकडं गिऱ्हाईक नव्हतं आणि मला तो माहीत नव्हता. दोघांमधलं अंतर पाऊण तासाचं.

म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी एक वही आणली आहे. साधी दोनशे पानी. हिच्यात दुरुस्ती करणाऱ्यांची नोंद करायची: काय दुरुस्त करतो, कुठं बसतो, कोणत्या वारी भेटतो. ज्याची नोंद करायची त्याला आधी विचारायचं, त्याची मर्जी असेल तरच लिहायचं. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा. वही वाचनालयाच्या टेबलावर, वर्तमानपत्रांच्या शेजारी राहील, ग्रंथपालांनी तसं कबूल केलं आहे. पहिल्या पानावर मी सात नोंदी केल्या आहेत: कल्हई, पंख्याची मोटार, कुकर, शिलाई मशीन, वेताची खुर्ची, चपलेचा तळ आणि सायकल. सायकलवाला गुरुजींचाच विद्यार्थी आहे. जाताना वही बघून जा, आणि आपल्या गल्लीत कुणी असेल तर आज रात्रीच त्याला विचारा, म्हणजे उद्या नोंद करता येईल.